जत्रेतल्या चेनसॉ शर्यतीत उतरताना

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. त्या दुपारी आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत मी चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीच्या, शर्यतीत उतरले. हौशी गट, ५० सीसीचा वर्ग, पाइनच्या चौकोनी तुळईवर तीन काप. माझी पाळी अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. तिथपर्यंत पोचायला मात्र दीड वर्ष गेलं, आणि त्यातले बरेच महिने पुढे काय करायचं हे विचारायलाही कोणी नव्हतं. मराठीत तर मला याबद्दल काही सापडलंच नाही. म्हणून तारखा, खर्च, फॉर्म, भीती सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या पश्चिमेला, कनेक्टिकट नदीपासून थोड्या अंतरावर राहतो. घर जुनं आहे. तेलाची भट्टी आहे, पण हिवाळा निघतो तो लाकडाच्या स्टोव्हवर. वर्षाला चार कॉर्ड लाकूड लागतं. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेला ढीग. १४ मार्च २०२३ च्या वादळात ओला, जड बर्फ पडला आणि आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवर एक पांढरा पाइन आडवा झाला. वीज गेली. नवरा कामासाठी बॉस्टनला होता, तो तिकडेच अडकला. घरात मी आणि अकरा वर्षांची मुलगी. हत्यार म्हणाल तर फांद्या छाटायची एक हातकरवत. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे आजोबा ट्रॅक्टरवर चेनसॉ घेऊन आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण वीस मिनिटांत वाट मोकळी करून दिली. मी बाजूला उभी राहून फांद्या ओढत होते. तिसऱ्या की चौथ्या कापानंतर ताज्या भुशाचा वास आला आणि मला एकदम माझं आजोळ आठवलं.

माझं आजोळ सावंतवाडीजवळ. मामाची लाकडाची वखार होती, मागे आरा होता. मे महिन्याची सुट्टी आम्ही भुशाच्या ढिगावर लोळून काढायचो. आऱ्याजवळ जायला मात्र मुलांना मनाई होती आणि मुलींना तर जास्तच. फणसाचा पिवळाधमक भुसा, सागाचा तेलकट वास, हे सगळं मी लांबूनच घेतलं. चाळिशी उलटल्यावर, बर्फात उभी असताना, ते लांब उभं राहणं मला पहिल्यांदाच खुपलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जत्रेला गेलो. इथल्या काउंटीच्या जत्रा आपल्या माणसाला लगेच ओळखीच्या वाटतात. भोपळ्यांचं वजन, वासरांची निवड, मेपलच्या पाकातली मिठाई, तळलेल्या पिठाच्या पोळ्या, धूळ, लाउडस्पीकर. बैलांच्या स्पर्धाही असतात, पण ते बैल धावत नाहीत. सिमेंटचे ठोकळे रचलेली घसरगाडी जोडी मिळून ओढते आणि जोर मोजला जातो. मैदानाच्या कडेला लाकूडतोड्यांचं रिंगण होतं. या खोऱ्यात हिवाळ्यात झाडं पाडायची आणि वसंतात बर्फ वितळला की ओंडके नदीत सोडून दक्षिणेकडे वाहून न्यायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. कनेक्टिकट नदीवरची शेवटची मोठी ओंडकेवाहतूक १९१५ ची. लाकूडतोडीच्या तळांवरच्या माणसांनी रिकाम्या वेळी लावलेल्या पैजांतून या स्पर्धा आल्या. आता त्याचे मोठे सोहळेही होतात. विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला १९६० पासून जागतिक स्पर्धा भरते आणि चेनसॉ बनवणाऱ्या स्टिल कंपनीची टिंबरस्पोर्ट्स ही स्पर्धांची मालिका १९८५ पासून चालू आहे. आमच्या जत्रेतलं रिंगण म्हणजे दोरी बांधलेला गवताचा तुकडा, लाकडी घोडे आणि त्यांवर साखळीने आवळलेल्या तुळया.

तिथे साठीच्या पुढची एक बाई कापत होती. पांढरे केस, हेल्मेट, पायांवर नारिंगी आवरण. तिने यंत्र उचललं, खाली एक काप, वर एक, पुन्हा खाली एक, आणि यंत्र बंद केलं. चेहऱ्यावर ताण नव्हता. मी नंतर पंचांपाशी जाऊन विचारलं, "मला यात यायचं असेल तर काय करावं लागेल?" त्यांनी मला आधी एकच विचारलं, "प्रशिक्षण घेतलंय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी ते घे. शर्यत पुढच्या वर्षीही आहे."

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या आमच्या या राज्यांत, यासाठी 'गेम ऑफ लॉगिंग' नावाचा अभ्यासक्रम चालतो. सोरेन एरिक्सन या स्वीडिश लाकूडतोड्याने तो बसवला. चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी एका दिवसाची. मी दुसऱ्याच दिवशी फोन केला तर शरद ऋतूतले सगळे वर्ग भरलेले. प्रतीक्षायादीत नाव घातलं. चार आठवड्यांनी, एका बुधवारी संध्याकाळी, कुणीतरी गळाल्याचा निरोप आला: शनिवारी येणार का? तुम्हीही यादीत नाव जरूर घाला. ऐन वेळी जागा सुटतात, कारण या मोसमात लोकांची आपापली लाकडं रचायची कामं निघतात. फी २०० डॉलर. हेल्मेट आणि पायांचं आवरण त्या दिवसापुरतं मिळालं. चेनसॉ आजोबांनी दिली, पण देताना मला अंगणात तिचा प्रत्येक भाग हात लावून ओळखायला लावला.

२१ ऑक्टोबर २०२३. आम्ही दहा जण होतो, त्यात दोन बायका. सकाळचे दोन तास कुणी यंत्र चालूच केलं नाही. सुरुवात झाली ती जोर कुठून कुठे जातो हे समजून घेण्यापासून. चेनसॉची साखळी एका लांब पट्टीभोवती, म्हणजे बारभोवती, फिरते. बारच्या खालच्या कडेने कापलं की यंत्र तुम्हाला लाकडाकडे ओढतं. वरच्या कडेने कापलं की ते तुमच्या अंगावर ढकललं जातं. आणि बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला तर यंत्र उसळून थेट चेहऱ्याकडे येतं. याला किकबॅक म्हणतात, आणि ते इतक्या झटक्यात होतं की माणसाला हलायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढच्या दांड्याला डाव्या हाताचा अंगठा खालून गुंडाळलेला हवा. डावा पाय पुढे, डोकं बारच्या रेषेत कधीच आणायचं नाही, आणि टोक कुठे आहे हे सतत माहीत हवं. प्रशिक्षकांनी एक फाटकं आवरण दाखवलं. आत बारीक, लांब धाग्यांचे थर. साखळी कापडात शिरली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि यंत्र जागच्या जागी अडकतं. त्या आवरणावरची फाट मांडीच्या उंचीवर होती. ज्याची मांडी होती तो माणूस आमच्यासमोर उभा राहून हे सांगत होता.

माझी पाळी आली तेव्हा हात थरथरत होते. यंत्र चालू केलं, आणि तो आवाज छातीत शिरला. प्रशिक्षकांनी बंद करायला सांगितलं. म्हणाले, "पाच मिनिटं तिथे बस, दुसऱ्यांचं बघ, मग ये." घाई नाही, रागावणं नाही. दुपारनंतर मी आयुष्यातलं पहिलं झाड पाडलं. सहाएक इंचांचा बुंधा, पण ठरवल्या रेषेवर पडला. गाडीत येऊन बसले आणि रडले. का ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

खरेदी नोव्हेंबरमध्ये केली. ५० सीसीची चेनसॉ ७२० डॉलर, पायांचं आवरण ११०, चेहऱ्याची जाळी आणि कानबंद असलेलं हेल्मेट ८५, कापाला टिकणारे बूट २३०. हातमोजे आणि तेल धरून एकूण १,२०० च्या आसपास. हा खर्च मला जड गेला, लपवत नाही. पण मी ती फक्त शर्यतीसाठी घेतली नव्हती. घरचं लाकूड आता मीच कापते. कोणती कंपनी घ्यावी असं विचाराल तर माझं उत्तर एवढंच: अर्ध्या तासाच्या अंतरावर ज्या कंपनीची दुरुस्ती होते तिचीच घ्या. पेट्रोल इथेनॉल नसलेलं वापरा आणि ५० भागांना १ भाग टू-स्ट्रोकचं तेल मोजूनच घाला. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिना-दोन महिने राहिलं तर कार्ब्युरेटर बिघडतो. कानात बोळे घाला आणि त्यांवर कानबंद लावा, दोन्ही. कानाशी आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

डिसेंबरपासून दर रविवारी दुपारी मी आजोबांच्या शेडमध्ये जायला लागले. मला वाटलं होतं ते कापायला शिकवतील. त्यांनी माझ्या हातात कानस दिली. हिवाळाभर मी बहुतेक धारच लावली.

हे सविस्तर लिहायला हवं, कारण या शर्यतीबद्दल मला जे कळलं त्याचा बराचसा भाग इथे आहे. साखळीचा दात म्हणजे करवतीच्या पात्यावरचा टोकदार दात नसतो. तो बाकासारखा वळलेला असतो, एक डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे. हा आकार जोसेफ कॉक्स नावाच्या ओरेगनमधल्या लाकूडतोड्याला १९४६ साली एका अळीवरून सुचला. झाडात बोगदे करणाऱ्या भुंग्याची अळी आपले जबडे डावी-उजवीकडे चालवत लाकडाच्या शिरांतून आरपार जाते, हे त्याने बुडख्यावर बसून पाहिलं आणि तशी साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच वंशाच्या. आजोबांनी भिंगातून मला तो बाक दाखवला आणि म्हणाले, "तुला अळीचा जबडा नीट ठेवायचा आहे, बाकी काही नाही."

माझ्या साखळीला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंशांचा. कानस आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला कानशीचे तितकेच घास, म्हणजे डाव्या बाजूला तीन तर उजव्या बाजूलाही तीनच. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू नेहमी जास्त झिजते, आणि मग काप सरळ न जाता एका अंगाला वळतो. माझा वळत होता. जानेवारीत कापलेली प्रत्येक चकती एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, दात किती खोल घुसेल ते तो ठरवतो. तो फार घासला तर दात एकदम मोठा घास घेतो, यंत्र हिसके मारतं, किकबॅकही वाढतो. शर्यतीसाठी काही जण तो मुद्दाम कमी करतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. मी ०.६५ मिलिमीटरवर ठेवला, कंपनीने सांगितला आहे तेवढाच.

साखळी धारदार झाली की नाही हे भुशावरून कळतं. पिठासारखा बारीक भुसा पडला तर दात बोथट. लांबट, जाडसर ढलप्या पडल्या तर बरोबर. मामाच्या वखारीत गडी मूठभर भुसा उचलून बोटांत चोळून बघायचा ते मला आठवलं. तो काय बघत होता, हे मला पस्तीस वर्षांनी न्यू हॅम्पशायरमध्ये समजलं. फोनवर आईला सांगितलं तर ती आधी गप्प बसली. मग म्हणाली, "कशाक होया गो तुका ह्यां?" ती घाबरली होती. तिला मी प्रशिक्षण, आवरण, साखळी थांबवणारा ब्रेक सगळं समजावलं, तरी दर फोनला शेवटचा प्रश्न तोच असायचा, "हातपाय धड आसत मां?"

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि सराव सुरू झाला. आजोबांच्या ओळखीच्या आरागिरणीतून दहा इंच बाय दहा इंचांच्या पाइनच्या तुळया मिळाल्या, प्रत्येकी १५ डॉलरला. शर्यतीत गोल ओंडका न देता चौकोनी तुळई देतात, कारण त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला तेवढंच लाकूड येतं. नियम असा: तुळईच्या टोकापासून सहा इंचांवर रेष आखलेली. तिच्या आत तीन चकत्या काढायच्या, पहिली वरून खाली, दुसरी खालून वर, तिसरी पुन्हा वरून खाली. चकती पूर्ण निघाली पाहिजे. एखादा कोपरा जरी राहिला तर पाळी बाद.

पहिल्या दिवशी मुलीने घड्याळ लावलं: ४८ सेकंद. मी यंत्र लाकडात दाबत होते. आजोबांनी हाक मारून थांबवलं आणि म्हणाले, "आवाज ऐक." दाबलं की इंजिनाचा सूर खाली येतो, साखळी मंदावते. सूर वरच ठेवून जेवढा भार देता येईल तेवढाच द्यायचा. डोळ्यांपेक्षा कानांनी कापायचं. तंबोरा लावताना तार किती पिळायची हे कानच सांगतो, तसं काहीसं. मे महिन्यात काळ्या माश्यांनी इतका उच्छाद मांडला की जाळीच्या आत आणखी एक जाळी बांधून सराव केला. जूनमध्ये अंगणाच्या हद्दीवरचा एक जुना मेपल कापत होते, आणि खोडात गिळला गेलेला काटेरी तारेचा तुकडा साखळीला लागला. ठिणग्या उडाल्या आणि साखळी गेली. नवीन २८ डॉलरला. जुन्या कुंपणाच्या रेषेवरचं झाड कापताना आधी बुंध्यावर तारेचे वण शोधा, आणि शर्यतीची साखळी वेगळी ठेवा, तिने घरचं लाकूड कधीच कापू नका.

सगळ्यात अवघड गेला तो दुसरा काप. खालून वर जाताना यंत्र अंगावर येतं आणि टोक लाकडाच्या पलीकडे बाहेर राहील याची खात्री करावी लागते. त्या कापाला मी जुलैपर्यंत घाबरत होते. शेवटी उपाय सापडला तो वेगाचा नव्हता. पहिला काप संपला की अर्धा श्वास थांबायचं, टोक बघायचं, मगच वर जायचं. त्यात अर्धा सेकंद जातो. तो मी कायमचा देऊन टाकला.

आता कागदपत्रं. जत्रेच्या कार्यालयात उन्हाळ्यात मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहा ते दोन एवढीच माणसं असतात. ईमेलला उत्तर यायला अकरा दिवस लागले, म्हणून फोन करा किंवा सरळ जाऊन या. हौशी गटासाठी तीन गोष्टी लागल्या. एक, काउंटीत राहत असल्याचा पुरावा. मी ड्रायव्हिंग लायसन्स आणि घरपट्टीची पावती जोडली. नागरिकत्वाचा प्रश्न कुठेच नव्हता. मला ती धास्ती होती, ग्रीन कार्डवर चालेल का म्हणून, पण कुणी विचारलंच नाही. दोन, लाकूडतोडीतून पैसे कमावत नाही आणि रोख बक्षीस घेतलेलं नाही असं स्वतःचं निवेदन. तीन, जबाबदारीमुक्तीचं दोन पानी पत्र. ते नीट वाचा. त्यात लिहिलेलं असतं की इजा झाली तर आयोजकांवर दावा करणार नाही. सही करण्यापूर्वी मी आरोग्य विम्याच्या कंपनीला फोन करून अशा स्पर्धेतली इजा विम्यात बसते का ते विचारलं, चाळीस मिनिटं थांबून, आणि उत्तर लेखी मागून घेतलं. नवऱ्याबरोबर त्या पत्रावरून एक संध्याकाळ गंभीर बोलणं झालं. त्याने सही करू नको असं म्हटलं नाही. त्याने विचारलं, "दुसऱ्या कापाचं काय?" त्याला माहीत होतं माझी भीती कुठे आहे.

फॉर्म आणि १५ डॉलरचा चेक मी २५ जुलैला पोस्टाने पाठवला. ६ ऑगस्टला तो परत आला. मी वर्गाच्या चौकटीत 'स्टॉक' अशी खूण केली होती, पण माझ्या यंत्राच्या सायलेन्सरच्या जाळीचा प्रकार लिहिला नव्हता. स्टॉक म्हणजे कंपनीतून निघालं तसं, फेरफार न केलेलं यंत्र. ठिणग्या अडवणारी बारीक जाळी जागेवर असावी लागते. अंतिम तारीख १६ ऑगस्ट. मी १३ तारखेच्या मंगळवारी स्वतः जाऊन फॉर्म दिला आणि पोच घेतली. पोच नक्की घ्या.

७ सप्टेंबरला घरी गणपती बसले. गौरींबरोबर १२ तारखेला आम्ही मागच्या ओढ्यापाशी टबात विसर्जन केलं, शाडूची छोटी मूर्ती होती. निरोपाचा मोदक हातात असताना मुलगी म्हणाली, "आता परवा." रात्री मी साखळीला शेवटचे दोन-दोन घास दिले, ताण तपासला आणि ती फडक्यात गुंडाळून ठेवली.

१४ तारखेला सकाळी नऊला यंत्रांची तपासणी. पंच बारची लांबी मोजतात, जाळी बघतात, आणि साखळी कामाचीच आहे ना, शर्यतीसाठी खास घासलेली नाही ना, ते बघतात. मग यंत्र चालू करून ब्रेक ओढून पाहतात. माझं यंत्र इथे अडकलं. वेगाचा खटका सोडून यंत्र नुसतं चालू ठेवलं तरी साखळी हळूहळू सरकत होती. तशी ती सरकता कामा नये, कारण शर्यतीच्या सुरुवातीला यंत्र जमिनीवर चालू स्थितीत ठेवलेलं असतं. रात्री थंडी पडली होती आणि सकाळी ऊन चढलं, हवा बदलली, एवढ्याने फरक पडला असावा. पंच म्हणाले, "वेगाचा स्क्रू थोडा सैल कर आणि परत ये." माझ्याकडे छोटा स्क्रूड्रायव्हर नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या, माझ्याच वर्गात उतरणाऱ्या एका तरुणाने स्वतःचा काढून दिला आणि स्क्रू कुठला तेही दाखवलं. तुमच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर, बारचा पाना, जादा साखळी आणि फडकं ठेवा.

वर्गात नऊ जण होते, त्यात मी धरून दोन बायका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला, माझा सातवा. दोन तास थांबायचं होतं. खाऊ नका जड काही. मी पाणी आणि एक केळं घेतलं. तुळई पांढऱ्या पाइनची. इंग्रज राजवटीत या झाडावर राजाचा हक्क होता. आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी सरळसोट बुंध्यांवर बाणाची खूण करून ठेवत, आणि न्यू हॅम्पशायरच्या १७२२ च्या कायद्याने बारा इंचांहून जाड पाइन तोडायला बंदी होती. १७७२ मध्ये याच राज्यातल्या वेअर गावात लोक त्यावरून उठले आणि त्यांनी शेरीफला मारून हाकललं. हे आजोबांनी बाकावर शेजारी बसून सांगितलं. मला बोलतं ठेवायला सांगत होते, हे कळत होतं, आणि त्याचा उपयोगही झाला.

माझं नाव पुकारलं. यंत्र चालू, ब्रेक लावलेला, जमिनीवर. दोन्ही हात तुळईवर. तीन पंचांच्या हातात घड्याळं, त्यातला मधला वेळ धरतात. "टायमर तयार?" मग तीन, दोन, एक.

हात लाकडावर होते तेव्हा ते गार लागलं, हे मला स्पष्ट आठवतं. उचललं, ब्रेक मागे, डावा अंगठा गुंडाळलेला. पहिला काप सरळ उतरला. सूर वर राहिला. चकती पडली. अर्धा श्वास. टोक बाहेर आहे. वर. यंत्र छातीकडे आलं, डावा हात ताठ होता, त्याने धरलं. वरची कड फुटली तेव्हा एक बारीक फाटा लोंबकळत होता. काळजात धस्स झालं, पण तो सुटला. तिसरा काप मी थोडा रेषेच्या जवळ घेतला, सूर जरा खाली गेला, म्हणून हलका केला, आणि चकती पडली. बंद. ब्रेक. हात वर.

२९.४ सेकंद. तिन्ही चकत्या पूर्ण, रेष शाबूत. नवांत सहावी. पहिला आला त्याचा वेळ १६ सेकंदांच्या आत होता. स्क्रूड्रायव्हर देणाऱ्या तरुणाची दुसरी चकती कोपऱ्यावर अडकली आणि तो बाद झाला. मी त्याच्याकडे गेले, काही बोलता आलं नाही, हात मिळवला. मागच्या वर्षी पाहिलेली पांढऱ्या केसांची बाई वरच्या वर्गात होती. तिने मला एवढंच विचारलं, "दुसऱ्यात थांबलीस ना? छान केलंस. मीही थांबते."

त्या दिवसापर्यंतचा हिशेब, प्रशिक्षण, साहित्य, सरावाच्या तुळया, साखळ्या, पेट्रोल, फी सगळं धरून १,६५० डॉलरच्या आसपास. एखाद्याकडून यंत्र उसनं मिळालं तर ९३० च्या आसपास होईल. स्वतःचे बूट आणि आवरण मात्र उसने घेऊ नका, मापाचे नसले तर निरुपयोगी.

तिसरी चकती मी घरी आणली. एक कड दुसरीपेक्षा किंचित जाड आहे, उजव्या बाजूचे दात अजून जास्त घासले जातात. ऑक्टोबरमध्ये ती सुकली तशी तिला गाभ्यापासून कडेपर्यंत एक चीर गेली. आजोबा म्हणाले तसं होणारच, लाकूड सुकताना वर्तुळांच्या बाजूने जास्त आक्रसतं. चकती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आईने ती बघायला मागितली. मी कॅमेऱ्यापुढे धरली, तिने चष्मा लावून चीर बघितली, कड बघितली.

"वास येता काय गो अजून?" तिने विचारलं.

मी नाकाला लावून पाहिली. येतो.